नाशिकच्या आसपासचे रात्रीचे आकाश आणि दीर्घ एक्सपोजर: दिशा, तिथी आणि साधा कॅमेरा

उत्तररात्र

नमस्कार. गेली तीन वर्षे मी नाशिक जिल्ह्यातून आणि लगतच्या अकोले तालुक्यातून रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे काढत आहे. २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (म्हणजे मध्यम आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स, नंतर घेतलेली ५० मिमी एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे) आणि एक जड ट्रायपॉड, एवढेच साहित्य माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षातली बहुतेक छायाचित्रे वाया गेली आणि त्याचा दोष मी लेन्सला देत राहिलो. आज त्याच लेन्सने घरच्या भिंतीवर लावण्याजोगी छायाचित्रे मिळतात, कारण मधल्या काळात मी दोन गोष्टी शिकलो: कोणत्या विषयासाठी शहराच्या कोणत्या बाजूला जायचे, आणि कोणत्या तिथीला किती वाजता जायचे. कॅमेऱ्याच्या सेटिंगविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; नाशिककरांच्या दृष्टीने दिशा आणि तिथी यांचा विचार मला एकत्र वाचायला मिळाला नाही, म्हणून हा धागा.

आधी दिशेचे सांगतो. एखाद्या ठिकाणाचे उत्तर अक्षांश जेवढे, तेवढाच ध्रुव तारा तिथे क्षितिजापासून वर दिसतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे आपल्याकडे ध्रुव हात लांब करून ताणलेल्या एका विताएवढ्याच उंचीवर असतो. शहराचा उजेड क्षितिजालगत सर्वांत दाट असतो आणि नेमका तिथेच आपला ध्रुव. पहिल्या वर्षी मी पांडवलेण्याच्या पायथ्याजवळून उत्तरेकडे कॅमेरा लावून ध्रुवाभोवतीची ताऱ्यांची वर्तुळे टिपण्याचा प्रयत्न करत होतो, म्हणजे सातपूर, अंबड आणि सगळे शहर मी स्वतःहून चौकटीत घेत होतो. ध्रुवाकडे पाहायचे असेल तर शहर पाठीशी हवे, म्हणजेच शहराच्या उत्तरेला जायला हवे. दिंडोरीच्या पुढे वणी, नांदुरी किंवा धोडपच्या पायथ्याचे हट्टी ही ठिकाणे मला यासाठी सर्वांत सोयीची वाटली. सातमाळा रांग पूर्व-पश्चिम पसरलेली असल्यामुळे दक्षिणेच्या पायथ्याशी उभे राहिले की सगळी रांग उत्तर क्षितिजावर आडवी येते आणि तिच्या माथ्यावर ध्रुव उभा असतो. ध्रुवाची कमी उंची इथे आपल्या कामी येते: डोंगर आणि वर्तुळांचे केंद्र दोन्ही एकाच चौकटीत सहज मावतात. काश्मीरमध्ये ध्रुव याहून बराच उंच असतो आणि जमीन चौकटीत घेण्यासाठी खूप रुंद लेन्स लागते.

आकाशगंगेच्या गाभ्याचे गणित याच्या उलट आहे. धनू आणि वृश्चिक राशींच्या मधला हा भाग आपल्याकडे आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला जास्तीत जास्त सुमारे ४१ अंश चढतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. त्यासाठी शहराच्या दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला जाणे भाग आहे. वैतरणेच्या बाजूला गेल्यास नाशिकचा उजेड ईशान्येला राहतो. भंडारदऱ्याला गेल्यास तो थेट उत्तरेला, म्हणजे पूर्ण पाठीमागे जातो आणि समोर रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या बाजूचे काळे आकाश मिळते. एक गोष्ट मला उशिरा कळली. या सर्व ठिकाणांहून मुंबई, ठाणे आणि कल्याणचा उजेड नैर्ऋत्येला क्षितिजालगत दिसतो. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी आकाशगंगेचा गाभा त्याच बाजूला उतरत असतो, त्यामुळे त्या महिन्यात काळोख पडताच पहिल्या तासाभरात काम उरकावे. मार्च ते मे या काळात गाभा आग्नेयेकडून दक्षिणेकडे सरकत असतो, तेव्हा हा उजेड अजिबात आडवा येत नाही.

आता तिथी. कॅमेऱ्याच्या पिशवीत मी चार्जरबरोबर दिनदर्शिका ठेवतो, ती या कामासाठी मोबाइलमधल्या अ‍ॅपइतकीच उपयोगी आहे. अमावस्येच्या आगेमागे काळोख असतो हे सर्वांना माहीत असते, पण तेवढ्यावर थांबले तर वर्षात हातात फार थोड्या रात्री उरतात. संकष्टीचा चंद्रोदय साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान छापलेला असतो. सूर्यास्तानंतर सव्वा तासाने आकाश पूर्ण काळे होते असे धरले, तर संकष्टीलाही तास-दीड तासाचा काळोख मिळतो. शुद्ध पक्षात अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर मावळतो, म्हणून पहाटेच्या कामासाठी शुद्ध पक्षाचा पहिला आठवडा पूर्ण मोकळा असतो. मार्चच्या मध्याला गाभा रात्री दीडच्या पुढे उगवतो आणि साडेचारला सुमारे ३० अंश वर येतो. एप्रिलच्या मध्याला तो साडेअकराला उगवतो, तर मेच्या मध्याला साडेनऊलाच उगवून पावणेतीनच्या सुमारास दक्षिणेला माथ्यावर असतो. गुढीपाडवा अमावस्येला लागूनच येतो, त्यामुळे पाडव्याच्या आसपासच्या पहाटा दरवर्षी काळोख्या असतात. अक्षय्य तृतीयेची चंद्रकोरही लवकर मावळते. महाशिवरात्रीची रात्र काळोखी असली तरी त्र्यंबकच्या बाजूला रात्रभर वर्दळ असते, तेव्हा ती बाजू त्या दिवशी टाळावी. लक्ष्मीपूजनाची अमावस्या फटाक्यांच्या धुरामुळे वाया जाते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पावसामुळे काही होत नाही, आणि दुर्दैवाने गाभा रात्रभर आकाशात असतो तो काळ हाच.

सेटिंगचे थोडक्यात सांगतो. १८ मिमीला एफ/३.५, आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) ३२००, शटर १३ सेकंद उघडे, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनवर कायम, लेन्समधले स्थिरीकरण बंद, दोन सेकंदांचा टायमर. एक चौकट, म्हणजे एकच छायाचित्र, कधीच पुरत नाही. मी किमान २० चौकटी घेऊन घरी एकमेकींवर रचतो.

फोकसबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण नवोदितांची सर्वाधिक छायाचित्रे तिथे बिघडतात. लेन्सवरची अनंताची खूण विश्वासार्ह नसते आणि किट लेन्सवर तर ती नसतेच. फोकस मॅन्युअल करावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याध, अभिजित किंवा ज्येष्ठेसारखा ठळक तारा मध्यभागी आणावा, पडद्यावर तो भाग जास्तीत जास्त मोठा करावा आणि ताऱ्याचा ठिपका लहानात लहान होईपर्यंत रिंग अगदी हळू फिरवावी. ठिपका लहान होऊन पुन्हा मोठा व्हायला लागेल, तिथून किंचित मागे यावे. मग रिंगला चिकटपट्टी लावावी. किट लेन्समध्ये झूम हलवल्यास फोकसही हलतो, म्हणून झूम आधी ठरवून त्यानंतरच फोकस करावा आणि दर अर्ध्या तासाने तो पुन्हा तपासावा. माझी एक पूर्ण रात्र केवळ हे न तपासल्यामुळे गेली: साडेचार तासांच्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत ताऱ्यांच्या जागी लहान लहान चकत्या.

आपापले अनुभव, जागा आणि मतभेद जरूर मांडावेत.

त्रिकांड

लेख फार उपयुक्त आहे. एक शंका आहे. तारे लांबट न होता शटर किती सेकंद उघडे ठेवता येते ते सांगणाऱ्या ५००च्या नियमाने, म्हणजे ५००ला (लेन्सची लांबी गुणिले १.५) या आकड्याने भागल्यास १८ मिमीला साडेअठरा सेकंद येतात. आपण १३ सेकंद का सुचवता? पाच सेकंदांचा प्रकाश गमावणे एफ/३.५च्या लेन्सला परवडणारे नाही, असे मला वाटते.

उत्तररात्र

शंका योग्य आहे, म्हणून आकडेच मांडतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे वैषुविक वृत्तावरचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात येणाऱ्या वर्तुळावरचा) तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो; एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. आपले सदस्यनाम ज्यावरून आले आहे ते मृगातले तीन तारे जवळजवळ याच वृत्तावर आहेत. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो आणि १८ मिमीच्या लेन्समागे तो सुमारे ४५ विकला आकाश टिपतो. म्हणजे तीन सेकंदांत तारा एक पिक्सेल ओलांडतो. साडेअठरा सेकंदांत तो सहा पिक्सेल लांब होतो, तेरा सेकंदांत साडेचार पिक्सेलच्या आत राहतो. ५००चा नियम फिल्मच्या काळापासून चालत आला आहे. त्यात पिक्सेलच्या आकाराचा विचारच नाही. एनपीएफ नावाच्या नियमात तो आहे: अ‍ॅपर्चरच्या (म्हणजे एफच्या) आकड्याला ३५ने आणि पिक्सेलच्या मायक्रॉनला ३०ने गुणून बेरीज करायची आणि तिला लेन्सच्या लांबीने भागायचे. माझ्या साहित्यासाठी उत्तर १३.३ सेकंद येते. ५० मिमीची लेन्स एफ/२.८ला वापरल्यास हेच उत्तर सव्वाचार सेकंदांच्या आसपास येते.

गमावलेला प्रकाश चौकटींची संख्या वाढवून भरून निघतो, सरकलेला तारा मात्र नंतर दुरुस्त होत नाही. छायाचित्र फक्त मोबाइलवर पाहायचे असेल, तर १८ सेकंदही चालतील. मोठी प्रत छापायची असेल तर १३ सेकंदच ठेवावेत. ध्रुवाजवळचे तारे फार सावकाश सरकतात, तिथे मर्यादा आपोआप सैल होते.

मूळनक्षत्र

चौकटी एकमेकींवर रचण्याबद्दल थोडी भर घालते. २० चौकटींची सरासरी घेतल्यावर ताऱ्यांचा उजेड तेवढाच राहतो, पण दाणेदारपणा संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे साडेचार पटींनी कमी होतो. १६ चौकटींना चौपट, ६४ चौकटींना आठपट. त्यामुळे एका मर्यादेपुढे जास्त चौकटींचा फायदा मंदावतो आणि थंडीत कुडकुडत राहण्यात अर्थ उरत नाही. विंडोजवर सिक्वेटर हे मोफत सॉफ्टवेअर नवोदितांना सर्वांत सोपे, कारण ते तारे जुळवताना जमिनीचा भाग स्थिर ठेवते. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल हीदेखील मोफत आहेत, पण ती शिकायला वेळ लागतो. उपग्रहांच्या रेषांबद्दल अनेकजण तक्रार करतात. पुरेशा चौकटी असतील तर सरासरी काढताना टोकाचे आकडे वगळण्याचा पर्याय निवडावा, एकाच चौकटीत आलेली रेषा बहुतेक वेळा पूर्ण निघून जाते.

आयएसओच्या बाबतीत मी वेगळे सुचवेन. ३२००चा आकडा सर्वत्र न वापरता मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (गडद ते उजळ भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख) पाहावा. त्याचा उंचवटा डाव्या कडेपासून सुटा होऊन पाव ते एक तृतीयांश अंतरावर आला, की पुरेसा प्रकाश मिळाला असे समजावे. भंडारदऱ्याला मला ३२०० लागतो, शहरालगतच्या मखमलाबादच्या पुढच्या शेतातून तेवढ्याच सेकंदांना ८०० पुरतो. आयएसओ उगाच चढवल्यास ठळक तारे पांढरे पडतात. ज्येष्ठेचा तांबूस रंग आणि व्याधाची निळसर झाक हरवलेली छायाचित्रे पाहिली की मला फार हळहळ वाटते.

दीर्घ एक्सपोजरसाठी कॅमेऱ्यातच दिलेली नॉइज कमी करण्याची सोय बंद ठेवावी, हेही सांगायला हवे. ती प्रत्येक चौकटीनंतर तेवढाच वेळ शटर बंद ठेवून काळी चौकट घेते आणि निम्मी रात्र त्यात जाते. शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच सेकंदांच्या आणि त्याच आयएसओच्या १०-१५ काळ्या चौकटी घ्याव्यात; घरी त्या वजा करता येतात.

द्राक्षवेल

मी निफाड तालुक्यातला आहे. नांदूरमधमेश्वरचा जलाशय हिवाळ्यात अनेकांना खुणावतो, म्हणून त्या बाजूची परिस्थिती लिहितो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे थंडी फार पडते आणि पारा उतरला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मण्यांना तडे जातात. तो धूर जमिनीलगत बसून राहतो. पाणथळ भागामुळे धुकेही असते. त्यामुळे मृग नक्षत्र टिपायला या बाजूला यायचे असेल, तर संध्याकाळी सात ते रात्री अकरा हाच वेळ ठेवावा. पहाटेचा भरवसा नाही.

दवाची गोष्ट महत्त्वाची आहे. पुढची काच हवेपेक्षा लवकर थंड होते आणि तिच्यावर दव बसते. पडद्यावर ते पटकन कळत नाही, तारे हळूहळू मऊ होत जातात. माझा मुलगा लेन्सभोवती यूएसबीवर चालणारा गरम पट्टा बांधतो आणि मोबाइलची पॉवर बँक जोडतो. पट्टा नसेल तर हात गरम करण्याच्या पुड्या लोकरी मोज्यात घालून लेन्सभोवती गुंडाळाव्यात. कापडाने काच पुसत बसू नये, दोन मिनिटांत पुन्हा दव येते आणि फोकस हलतो तो वेगळाच.

आणखी एक विनंती. निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात उसामुळे बिबट्यांचा वावर आहे. एकट्याने शेताच्या कडेला अंधारात बसू नये, तिघे-चौघे असावेत आणि अधूनमधून मोठ्याने बोलत राहावे. ज्याच्या बांधावर उभे राहायचे त्या शेतकऱ्याला दिवसाउजेडी भेटून सांगावे. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी चोरणारे लोक रात्री फिरतात, त्यामुळे अंधारात अनोळखी माणसे दिसली की आम्ही सावध होतो. आधी सांगितले असेल तर चहाही मिळतो.

सातमाळा

ताऱ्यांच्या रेषांविषयी बोलताना सगळे ध्रुवाकडेच वळतात. आपल्या अक्षांशावर पूर्व आणि पश्चिम दिशांना मिळणारे दृश्य मला त्याहून अधिक आवडते. २० अंशांवर तारे क्षितिजाशी ७० अंशांचा कोन करून उगवतात, म्हणजे जवळजवळ सरळ उभे चढतात. १८ मिमीची लेन्स थेट पूर्वेला लावून दीड तासाच्या चौकटी एकत्र केल्या, तर मधोमध सरळ रेषा येतात, डावीकडच्या रेषा उत्तर ध्रुवाभोवती वाकतात आणि उजवीकडच्या दक्षिण ध्रुवाभोवती, जो आपल्याला दिसतही नाही. एकाच चौकटीत आकाशाचे दोन्ही कल दिसतात. मी अंजनेरीच्या पूर्वेकडच्या पायथ्याहून पश्चिमेकडे पाहत असे चित्र घेतले होते. अंजनेरीच्या माथ्यावर उतरणाऱ्या रेषा पावसाच्या सरींसारख्या दिसत होत्या.

पद्धत अशी: ३० सेकंदांच्या चौकटी, दोन चौकटींमध्ये एक सेकंदाहून जास्त अंतर नको, १२० चौकटी म्हणजे एक तास आणि १५ अंशांचा कंस. दोन चौकटींमध्ये थांबल्यास रेषा तुटक येते. जोडण्यासाठी स्टारस्टॅक्स मोफत मिळते. सप्तर्षी रात्रभर ध्रुवाभोवती फिरताना दिसतील असे समजून अनेकजण पहाटेपर्यंत थांबतात. आपल्याकडे ७० अंश उत्तर क्रांतीच्या (वैषुविक वृत्तापासूनच्या अंतराच्या) पलीकडचे तारेच कधी मावळत नाहीत. सप्तर्षी आणि शर्मिष्ठा दोन्ही क्षितिजाखाली जातात, हे आधी तपासून घ्यावे.

पंचवटीकर

आम्हाला रात्री शहराबाहेर जाणे शक्य होत नाही. घरी लहान मूल आहे. गच्चीवरून काही करता येईल का?

सातमाळा

नक्कीच करता येईल. शहरातल्या आकाशात आकाशगंगेचा नाद सोडावा लागेल, पण ताऱ्यांच्या रेषा गच्चीवरून उत्तम येतात. शहरी उजेडात ३० सेकंदांत चौकट पांढरी पडते, म्हणून एफ/५.६, आयएसओ २०० आणि १० सेकंद असे ठेवून चौकटींची संख्या वाढवावी. चंद्रासाठी काळोखाची गरजच नाही: एफ/११, आयएसओ १००, शटर १/१००, इथून सुरुवात करावी. शिवाय रामकुंड आपल्या घराजवळ आहे. त्रिपुरी पौर्णिमेला पाण्यात सोडलेल्या दिव्यांचे ४ ते ८ सेकंदांचे एक्सपोजर घेतल्यास गोदावरीच्या प्रवाहाची दिशा दिव्यांच्या रेषांतून उमटते. गर्दीत ट्रायपॉडचे पाय पसरू नयेत, पायऱ्यांवर कोणीतरी अडखळते. पुलाच्या कठड्यावर छोटी वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा आणि पट्टा मनगटाला गुंडाळावा.

जुनीफिल्म

धागा वाचून १९९७चा मार्च आठवला. हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसत होता. आम्ही दोघे मित्र स्कूटरवरून गंगापूर धरणाच्या पुढे गेलो होतो. ४०० आयएसओची फिल्म, ५० मिमीची लेन्स आणि केबल रिलीज होते. किती सेकंद ठेवायचे ते सांगणारे कोणी नव्हते, म्हणून ५, १०, २०, ४० सेकंद आणि २ मिनिटे असे क्रमाने घेत गेलो आणि प्रत्येक चौकटीची नोंद वहीत केली. रोल धुऊन येईपर्यंत आठवडा गेला. १० सेकंदांची एक चौकट चांगली आली होती. ती आजही माझ्याकडे आहे.

फिल्मची एक अडचण तरुण सदस्यांना माहीत नसेल. मंद प्रकाशात फिल्मची संवेदनक्षमता वेळ जाईल तशी घटत जाते, त्यामुळे दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट उजेड नोंदला जात नाही. सेन्सरला हा दोष नाही, प्रकाश तो शेवटपर्यंत इमानाने मोजतो; त्याऐवजी तो तापतो आणि रंगीत ठिपके उमटतात. म्हणूनच पूर्वी आम्ही तासाभराचे एकच एक्सपोजर घेत होतो आणि आज तुम्ही १२० लहान घेता. एखादी मोटार मध्येच आली तर तुमची एक चौकट जाते, आमची रात्र जात असे.

ठरावीक अंतराने चौकटी घेऊन काळ गोळा करण्याचे हे काम ज्यांनी फार आधी केले, ते आपल्याच जिल्ह्यातले. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. १९१३चा पहिला कथापट करण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ अशाच एकेक चौकटीने टिपली होती. रात्री इंटरव्हॅलोमीटरचा (ठरावीक अंतराने शटर दाबणाऱ्या यंत्राचा) टिकटिकाट ऐकताना मला अनेकदा त्यांची आठवण होते.

पंचवटीकर

धन्यवाद. वहीत नोंद करण्याची पद्धत मी आजपासूनच सुरू करते.

कावनई

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे आणि एकाने प्रकाशप्रदूषण कमी करणारा फिल्टर घेण्याचा सल्ला दिला आहे. दोन्हींबद्दल सांगावे.

मूळनक्षत्र

मोबाइल ट्रायपॉडवर ठेवून प्रो मोडमध्ये ३० सेकंद मिळत असतील, तर मृग आणि कृत्तिका नक्षत्रे सहज येतील. काही मोबाइलमध्ये खास आकाशासाठीची सोय असते. गूगलच्या पिक्सेल मालिकेत ती २०१९पासून आहे आणि एकूण ४ मिनिटांपर्यंतच्या चौकटी मोबाइल स्वतःच जुळवतो. हाताने पडदा दाबू नये, टायमर लावावा.

फिल्टर मात्र घेऊ नये. ते पिवळ्या सोडियम दिव्यांच्या काळात खरोखर उपयोगी होते, कारण त्या दिव्यांचा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात असतो आणि तेवढाच गाळता येतो. आता रस्तोरस्ती पांढरे एलईडी आहेत. त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असल्यामुळे गाळताना ताऱ्यांचा उजेडही जातो. तेच पैसे पेट्रोलवर खर्च करून ६० किलोमीटर दूर जावे.

कावनई

मे महिन्याच्या शेवटी भंडारदऱ्याला काजव्यांचे दीर्घ एक्सपोजर घेण्याचा विचार आहे. कसे घ्यावे?

उत्तररात्र

तंत्र अवघड नाही. संधिप्रकाश असतानाच ट्रायपॉड लावून झाडांची एक चौकट घ्यावी, पूर्ण अंधार झाल्यावर कॅमेरा न हलवता एफ/२.८, आयएसओ १६००, २० सेकंदांच्या ३०-४० चौकटी घ्याव्यात आणि घरी उजळ भाग तेवढे जोडावेत.

मात्र मला यापुढचे अधिक कळकळीने सांगायचे आहे. काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे नर आणि मादी यांच्यातला संकेत आहे आणि त्यांना त्यासाठी वर्षातले जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. टॉर्च किंवा मोटारीचा दिवा पडला की नर चमकणे थांबवतात. मादी बहुधा खाली गवतात असते आणि झाडाच्या जवळ जाण्याच्या नादात ती पायाखाली येते. त्या काळात तिथे जाणाऱ्या गाड्यांची रांग मी पाहिली आहे आणि उजेडाने एकेक झाड विझत जातानाही पाहिले आहे. जाणारच असाल तर वाट सोडू नये, लाल दिवासुद्धा झाडावर टाकू नये, पडद्याची चमक किमान ठेवावी आणि एका जागेवरून उठू नये. हे जमणार नसेल तर काजव्यांचे छायाचित्र न घेतलेलेच बरे. अभयारण्यात रात्री थांबण्याचे नियम वनविभागाकडून आधी विचारून घ्यावेत. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या बाजूलाही हेच करावे.

त्रिकांड

गेल्या रात्री १३ आणि १८ सेकंदांच्या वीस-वीस चौकटी मृगावर घेऊन पाहिल्या. मोबाइलवर फरक दिसत नाही. संगणकावर पूर्ण मोठे करून पाहिल्यावर १८ सेकंदांतले तीन तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट आहेत आणि १३ सेकंदांतले जवळपास गोल आहेत. माझा आक्षेप मागे घेतो.

सातमाळा

येत्या अमावस्येच्या आधीच्या शनिवारी हट्टीला जाण्याचा विचार आहे. सहा-सात जण आले तर बरे. गावातल्या ओळखीच्या घरी मी आधी निरोप देतो. सूर्यास्तापूर्वी पोहोचावे, म्हणजे धोडपची खाच चौकटीत कुठे येते ते उजेडात ठरवता येईल. लाल कागद लावलेली टॉर्च, दोन बॅटऱ्या आणि बसायला सतरंजी आणावी.

उत्तररात्र

मी येतो. गाड्या पोहोचल्याबरोबर परतीच्या दिशेने तोंड करून लावू, म्हणजे कोणाला लवकर निघावे लागले तरी दिव्यांचा झोत डोंगराकडे जाणार नाही.